दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे

नाव विदोसावा पेयिन, वय ७४ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी नाट्यगृहात नटांचे कपडे शिवण्याची नोकरी, राहणार पेत्रोवारादिन, किल्ल्याखालची गल्ली.

मी आज नोवी साद येथील पोलीस ठाण्यात हवालदारांसोबत आले असून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटीच राहते. माझे पती रादिवोय पेयिन हे १९९४ साली मयत झाले आहेत. मुलगी लग्न होऊन व्हिएन्नास असते. पती नदीवरच्या गोदीत जहाजे दुरुस्त करण्याच्या कामावर होते. संध्याकाळी व सुटीच्या दिवशी ते तांबुरा वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात बास वाजवत. आमच्याकडचा तांबुरा म्हणजे नखीने छेडायचे तारांचे वाद्य, ते लहानमोठ्या आकारांचे असते. बास हे वाद्य माणसाएवढे उंच असून ते उभे राहून वाजवावे लागते. ताफ्यात एकूण सहा जण होते. इसिदोर स्तानाचेव हे म्होरके, सर्वांत लहान व सर्वांत वरच्या सुरांचा तांबुरा त्यांचा. लायोश बाको हे कोंट्रा वाजवत, म्हणजे बासच्या जोडीने ताल धरत. लायोश व माझे पती गोदीत एकाच पाळीला होते. बाकीचे तिघे आता हयात नाहीत व त्यांचा ह्या प्रकाराशी संबंध नाही.

१९७९ साली ह्या ताफ्याची एक मोठी रेकॉर्ड निघाली. ती एकच निघाली. वेष्टनावर सहाही जणांचा फोटो आहे. त्यांच्या अंगातली जाकिटे मी शिवलेली आहेत. सहाही जणांनी एका खोलीत एकत्र उभे राहून वाजवले, ते जसेच्या तसे रेकॉर्डवर आले. त्या काळी चुकलेला तुकडा कापून दुसरा जोडणे आमच्यासारख्यांना परवडत नसे व स्टुडिओही दिवसभरापुरताच मिळाला होता. मी स्टुडिओत हजर नव्हते.

सदर रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तिसरे गाणे आहे. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी ताल एकदा ठेचकाळतो. नुसते ऐकणाऱ्याला कळणार नाही, मलाही कळत नसे, पण वाजवणाऱ्यांना कळते. आमच्या गावची जी माणसे त्या वेळी स्टुटगार्टला कामाला होती, त्यांचे तिथे जर्मनीत एक मंडळ होते. त्यांच्याकडे महिनाभर वाजवायला ह्या ताफ्याला बोलावतील असे ठरत आले होते. त्यांनी रेकॉर्ड ऐकून दुसरा ताफा बोलावला. इसिदोर ह्यांचे म्हणणे असे की, त्या एका ठेचेमुळे बोलावणे गेले आणि ती ठेच लायोश ह्यांची. लायोश ह्यांनी ते नाकारले नाही. इसिदोर ह्यांनी त्यांना ताफ्यातून काढले. पुढच्या वर्षी माझ्या पतींनीही, गोदीत काम वाढले असे सांगून, वाजवणे सोडले. मग ताफा राहिला नाही. इसिदोर व लायोश तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्या पतींच्या दफनाच्या वेळी दोघेही आले होते. एक खड्ड्याच्या ह्या बाजूला उभे राहिले व एक त्या बाजूला.

गेल्या हिवाळ्यात माझा नातू सुटीला आला होता. आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर बंद पडलेला पाहून तो म्हणाला, "आजी, कशाला दुरुस्त करतेस? कोणीतरी ही रेकॉर्ड फोनवर चढवलीय. हे बघ." त्याने फोन टेबलावर ठेवून सगळी रेकॉर्ड वाजवली. मी भांडी घासत ऐकली. त्यात बास नव्हता. नातू म्हणाला, "फोनचा स्पीकर एवढासा असतो, खालचे सूर त्यातून निघत नाहीत." त्याचे बरोबर असेल. फोनवर पाचच जण वाजवत होते.

फ्रुश्का गोरा डोंगराच्या उतारावरचा आमचा द्राक्षमळा मी त्याआधीच विकला होता. मुलीचे म्हणणे होते की त्या पैशात मी दात करून घ्यावेत. मी शहरात आले व चौकशी करत ओग्नेन मिलुतिनोव ह्यांच्या दुकानी गेले. ते जुन्या बाजारपेठेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्ड वाजवण्याची भारी यंत्रे विकतात. त्यांचे वय चाळीसच्या आसपास असेल. मला दारात पाहून ते म्हणाले, "मावशी, दातांचे डॉक्टर खालच्या मजल्यावर."

मी म्हणाले, "माहीत आहे. माझ्या मुलीलाही वाटतं की मी तिकडेच जावं."

मग त्यांनी मला आत घेतले. आत एक खोली असून तीत जाड गालिचा, भिंतींना पडदे व तीन खुर्च्या आहेत. समोर माझ्या छातीपर्यंत येतील असे दोन स्पीकर आहेत. मध्ये लाकडी टेबलावर तबकडी फिरवण्याचे यंत्र, व शेजारी काचेचे व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅम्प्लिफायर. पूर्वी घरच्या रेडिओत मागच्या बाजूने दिसत तसेच व्हॉल्व्ह, पण मोठे, आणि लपवलेले नाहीत. ते पेटल्यावर खोलीत जुन्या रेडिओचा वास आला. गरम धुळीचा असतो तो. मी रेकॉर्ड पुढे केली तेव्हा ओग्नेन म्हणाले, "इतक्यात नाही. आधी हे तापलं पाहिजे. अर्धा तास."

"चुलीसारखं?"

"चुलीसारखंच. कॉफी घ्या तोवर."

त्यांनी रेकॉर्ड धुतली, पुसली, उजेडाकडे तिरपी धरून पाहिली. मला मधल्या खुर्चीत बसवले व डोळे मिटून ऐका असे सांगितले. मी डोळे मिटले नाहीत.

यंत्र कसे वाटले असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, आवाज स्पीकरमधून येतो आहे असे वाटत नव्हते. दोन स्पीकरच्या मध्ये नुसती भिंत आहे, त्या भिंतीपुढे माणसे उभी होती. इसिदोर मध्ये. ग्लिशा म्हणून ताफ्यातले एक मयत इसम होते ते उजवीकडे. डाव्या हाताला मागे, खिडकीखाली हीटर आहे, तिथे बास होता. बासचा आवाज बाकीच्यांपेक्षा हातभर वरून येत होता. माझे पती उंच होते. मी ओग्नेन ह्यांना विचारले की तिथे कोण आहे. ते म्हणाले, "कोणी नाही, मावशी." मग जरा थांबून म्हणाले, "बासवाला तिथे उभा असणार. तुम्हाला बरोबर ऐकू येतंय."

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, हीटरच्या बाजूने कोणीतरी दबक्या आवाजात एक शब्द बोलले. शब्द मला समजला नाही. आवाज समजला. मी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले व त्यानंतर आणखी एकदा. ओग्नेन ह्यांनी कारण विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

माझ्या पतींचे फोटो घरात पुष्कळ आहेत. आवाज कशातच नाही. ते गात नसत. बोलतही कमीच. टेलिफोन आला की मला हाक मारून तो माझ्या हातात देत. १९९९ साली बॉम्ब टाकून नदीवरचे पूल पाडले, त्या वर्षी आमच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, कपाट पडले, पण ही रेकॉर्ड राहिली. इतकी वर्षे ती मी दर वर्षी त्यांच्या मृत्यूच्या दिवशी लावली. त्यात ते बोललेले आहेत हे मला माहीत नव्हते.

तो शब्द काय होता, हे त्या दिवशी त्या खोलीत हजर असलेला माणूसच सांगू शकेल असे वाटल्यावरून मी इसिदोर व लायोश ह्यांना आज सकाळी सदर दुकानी बोलावले. यंत्र घ्यायचे आहे, मला ह्यातले कळत नाही, तुम्ही कानांनी पारखून सांगा, असे मी दोघांना वेगवेगळे सांगितले. दुसरा येणार आहे हे एकालाही सांगितले नाही. शब्दाबद्दलही बोलले नाही.

इसिदोर जिन्यात मला भेटले. ते पूर्वी शाळेत संगीत शिकवत. त्यांचे वय आता ७९ असून एका कानात ऐकू येण्याचे यंत्र आहे. वर दारात लायोश उभे असलेले पाहून ते जागीच थांबले.

"वहिनी, हा इथे कशाला?"

"मी बोलावलंय."

"मग मी जातो."

"जा. जिन्यात दिवा नाही, जपून उतरा."

ते खाली गेले नाहीत. आत येऊन डावीकडच्या खुर्चीत बसले. लायोश उजवीकडे बसले, टोपी मांडीवर ठेवून. मी मध्ये. मी घरून खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी भाजून आणली होती, ती कापून दोघांना दिली. पहिल्या बाजूची सुरुवातीची गाणी दोघांनी न बोलता ऐकली. इसिदोर ह्यांची बोटे गुडघ्यावर चालत होती. लायोश ह्यांची टोपीखाली चालत होती, पण मला दिसत होती.

त्यानंतरच्या एका गाण्याच्या सुरुवातीला कोणीतरी जोरात श्वास घेतलेला ऐकू आला. इसिदोर एकदम म्हणाले, "ग्लिशा! नाकातून घ्यायचा. शंभर वेळा सांगितलं होतं त्याला."

लायोश हसले. म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, त्याचं नाक मोडलेलं होतं."

"वहिनी, ह्यांना सांगा, नाक नंतर मोडलं."

"वहिनी, त्यांना सांगा, आधी मोडलं. मोडलं तेव्हा मी होतो तिथे. त्याच्याच मेव्हण्याच्या लग्नात, सुपाच्या भांड्यावरून."

इसिदोर ह्यांनी सूप आठवून पाहिले असावे. त्यांनी नाक पुसले व ते म्हणाले, "सूप मात्र चांगलं होतं." हे वाक्य त्यांनी 'वहिनी, ह्यांना सांगा' असे न म्हणता उच्चारले. मला वाटले की बरे झाले.

ओग्नेन ह्यांनी रेकॉर्ड उलटली. लायोश उठून उभे राहिले व म्हणाले, "वहिनी, यंत्र उत्तम आहे. घेऊन टाका. निघू या आता, माझी बस जाईल."

"बस दर अर्ध्या तासाला आहे."

"माझी ठरलेली असते."

"लायोशभाऊजी, बसा."

ते बसले. तिसरे गाणे लागले. ती जागा आली आणि गेली. मी त्या वेळी हीटरकडे पाहत होते. मला पहिल्यासारखाच तो शब्द ऐकू आला व पहिल्यासारखाच समजला नाही. मी विचारणार, तोच इसिदोर पुढे वाकून म्हणाले, "थांबव. मागे घे. ती जागा परत लाव."

ओग्नेन ह्यांनी सुई उचलली. लायोश म्हणाले, "कशाला? झालं की गाणं."

"परत लाव," इसिदोर म्हणाले.

"अरे लेका, आयुष्यभर तेच उगाळलंस, आता यंत्रावर उगाळतोस?"

"मला काहीतरी वेगळं ऐकू आलं."

"तुला ह्या कानाने काय ऐकू येणार?"

"परत लाव, पोरा."

ओग्नेन ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी सुई थोडी मागे ठेवली. शेवटच्या कडव्याआधीचा भाग सुरू झाला तसे लायोश उठले, टेबलापाशी गेले व त्यांनी उजवा तळहात फिरत्या रेकॉर्डवर दाबला. फार मोठा आवाज झाला. नंतर पाहिले तेव्हा सुई तुटलेली होती व रेकॉर्डवर आडवा ओरखडा गेला होता.

ह्यानंतर जे झाले ते असे. ओग्नेन ओरडले की, "अहो काका! त्या सुईपायी मी दोन उन्हाळे समुद्रावर गेलो नाही!" इसिदोर ह्यांनी उठून लायोश ह्यांची बाही धरली व त्यांना टेबलापासून मागे ओढले. ढकलले नाही. ओढले. लायोश ह्यांचा तोल गेला व सावरताना त्यांचा डावा हात अ‍ॅम्प्लिफायरवर पडला. एक व्हॉल्व्ह फुटला. हात भाजला व काचेने कापला. ते ओरडले नाहीत. ओग्नेन ह्यांनी वीज बंद केली आणि फोन करायला ते बाहेरच्या खोलीत गेले. खालून दातांच्या डॉक्टरांकडचे कोणीतरी, वर खून झाला का, असे विचारत होते. मी माझा गळ्याचा रुमाल फाडून लायोश ह्यांच्या हाताला बांधला. रक्त फार नव्हते.

मी त्यांना विचारले, "का हो असं केलंत?" त्यांनी दुसऱ्या हाताने रुमालाची गाठ घट्ट केली.

इसिदोर खुर्चीत बसले होते. ते सावकाश म्हणाले, "बास आधी तालातून गेला."

"तुझे कान गेलेत," लायोश म्हणाले.

"कान गेलेत म्हणूनच असल्या यंत्रापुढे येऊन बसलोय. बास आधी गेला, लायोश. तू त्याच्यामागून गेलास. तू त्याला सावरायला गेलास."

मी त्या वेळी मध्ये पडून विचारले की, "आणि त्यानंतर तो काय बोलला?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. इसिदोर म्हणाले, "कोण बोललं?"

"रादिवोय. ठेच लागल्याबरोबर. एकच शब्द आहे."

इसिदोर ह्यांना तो ऐकू आलेला नव्हता. लायोश हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला तो ऐकू आला, वहिनी?"

"शब्द कळला नाही. त्यासाठीच तुम्हा दोघांना बोलावलं. माझ्याकडे त्याचा आवाज दुसरा कुठलाच नाही."

लायोश म्हणाले, "मी समजलो होतो तुम्ही यंत्र घ्यायला बोलावलंत."

"ते घेईनही. काय म्हणाला तो?"

"'माझी' म्हणाला."

मला अर्थबोध झाला नाही. इसिदोर ह्यांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "तालमीत नियम होता, वहिनी. जो चुकेल त्याने तिथल्या तिथे 'माझी' म्हणायचं आणि वाजवत राहायचं. म्हणजे बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत नाहीत. नियम मीच केलेला." थोड्या वेळाने त्यांनी लायोश ह्यांना विचारले, "त्याने तिथेच सांगितलं होतं?"

"तिथेच. रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून. मी त्याच्या कोपराशी उभा होतो, मला ऐकू आलं. तू पुढे होतास, तुझं तुझ्या तारांवर लक्ष."

"मग गाणं संपल्यावर हात तू का वर केलास?"

"कारण त्याने सांगायला तोंड उघडलं होतं."

लायोश माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली होती, वहिनी. गोदीत हातोडी सुटायची. कोणाला सांगू नको म्हणाला, तुम्हाला तर नाहीच. ह्याला कळलं असतं तर ह्याने दुसरा बासवाला आणला असता."

"आणला असता," इसिदोर म्हणाले.

"आणि तो घरी बसून गेला असता. मला काय, मी कोंट्रावाला. कोंट्रा कोणीही वाजवतं. मला वाटलं, हा आठ दिवस ओरडेल आणि विसरेल. हा विसरलाच नाही."

"तू मला नंतर सांगायचंस. तो गेल्यावर तरी."

"तो गेल्यावर? मेलेल्या माणसाची चुगली करू? ती पण ह्यांच्यासमोर?"

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, माझ्या पतींच्या बोटांबद्दल मला त्या वेळी माहिती नव्हती. आजार नंतर सर्वांना कळला. त्यांनी स्वतः ही गोष्ट पुढे कोणास का सांगितली नाही, ह्याबद्दल मला काही सांगता येत नाही. ते दर वर्षी नवी वाइन झाली की पहिली बरणी लायोश ह्यांच्याकडे घेऊन जात. बोटांनी धरवेनाशी झाली तेव्हा बरणी मी उचलून नेत असे व ते बरोबर चालत. तिथे गेल्यावर दोघेही विशेष बोलत नसत. मला वाटे, गोदीतली मैत्री. लायोश बरणी घेत व रिकामी परत करताना तीत नेहमी काहीतरी घालून देत. लाल मिरचीची पूड, कधी जर्दाळूचा मुरंबा. मला ह्यात जास्त काही लिहवून घ्यायचे नाही.

ह्या बोलण्याच्या वेळी मी कुठे होते, असे विचारल्यावरून सांगते की, मी पुन्हा मधल्या खुर्चीत जाऊन बसले होते. यंत्र बंद होते. मी हीटरच्या बाजूला पाहत होते. मला राग आला होता का, ह्याचे उत्तर असे की, आला होता. इतका उंच माणूस दुसऱ्याच्या आड उभा राहिला ह्याचा आला. आणि तेवढ्यात मला हेही दिसत होते की त्याने ते सर्वांच्या आधी, कोणी विचारण्याआधी, वाजवता वाजवता सांगून टाकलेले आहे. आमचा जुना प्लेअर साधा होता. त्यातून ते माझ्यापर्यंत आले नाही, एवढेच.

इसिदोर उठून लायोश ह्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी काय म्हटले ते मला पूर्ण ऐकू आले, पण ते त्यांचे आपसातले असल्याने मी सांगत नाही. ते रडत होते असे ओग्नेन ह्यांनी आपल्या जबाबात सांगितले असल्यास ते खरे आहे.

त्यानंतर रुग्णवाहिका व दोन हवालदार आले. रुग्णवाहिकेतल्या बाईंनी लायोश ह्यांचा हात धुऊन बांधला व टाके लागणार नाहीत असे सांगितले. थोरल्या हवालदारांनी विचारले, "ह्यात चूक कोणाची?" इसिदोर म्हणाले, "माझी." लायोश म्हणाले, "माझी." ओग्नेन ह्यांनीही, म्हाताऱ्या माणसांना यंत्राच्या इतक्या जवळ बसवले ही माझी, असे सांगितले. हवालदारांनी वही मिटली व सर्वांनी ठाण्यात चलावे असे सांगितले. वाटेत गाडीत ओग्नेन म्हणाले, "मावशी, तो शब्द मला त्या पहिल्या दिवशी तिन्ही वेळा ऐकू आला होता. कोणी तरी खोकलं असेल असं वाटलं. तुम्ही आधी सांगायचंत." मी म्हणाले, "काय सांगू? नवरा बोलला म्हणून?" ते म्हणाले, "हो. लोक माझ्याकडे त्याचसाठी येतात."

नुकसानीबाबत सांगते की, ओग्नेन ह्यांनी तक्रार द्यायची नाही असे मला सांगितले आहे. त्यांची समजूत आमच्यात आम्ही काढू. यंत्र मी घेणार आहे. दात सध्या आहेत तेवढ्यांवर भागेल. माझी रेकॉर्ड त्या जागी कायमची खराब झाली असून तिच्यात आता तो शब्द वाजणार नाही. त्याबद्दल माझी लायोश बाको ह्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी हात का ठेवला ह्याचे कारण मला माहीत आहे आणि ते गुन्ह्याच्या कामी उपयोगी पडण्यासारखे नाही. इसिदोर स्तानाचेव ह्यांच्याविरुद्धही माझी तक्रार नाही. त्यांच्या घरी ह्याच रेकॉर्डची एक प्रत असून, रागाने, त्यांनी ती कधीही वाजवलेली नाही. नवी सुई आली की ती प्रत घेऊन येतो असे त्यांनी कबूल केले आहे. अर्थ समजल्यानंतर तो शब्द मी अजून ऐकलेला नाही.

हा जबाब चालू असताना सदर दोघे बाहेर बाकावर बसलेले आहेत. दार उघडे असल्याने त्यांचे बोलणे इथे ऐकू येते. लायोश ह्यांच्या मुलीची नदीकाठी खानावळ असून लायोश तिथे रोज सकाळी भाजी चिरून देतात. आता इसिदोर त्यांना विचारत आहेत, "उद्या सकाळी काय करतोस?"

"काय करणार? रविवार, गिऱ्हाईक जास्त. पोतंभर बटाटे सोलायचे आहेत. हा हात असा. पोरगी बोंबलणार."

"किती वाजता सुरू करतोस?"

"सहाला. का?"

"मी येतो. मी सोलतो."

"तुला सोलता येतात?"

"नाही."

"साल जाड काढशील, पोरगी ओरडेल."

"ओरडू दे. 'माझी' म्हणेन."

साहेबांनी हे लिहिण्याची गरज नाही असे सांगितले. मी म्हणाले, ऐकू आले आहे तर असू द्या.

मी चष्मा घरी विसरल्यामुळे वरील जबाब स्वतः वाचलेला नाही. तो साहेबांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला व मी डोळे मिटून ऐकला. मी बोलले तेच त्यात आले आहे, काही राहिलेले नाही. खाली सही माझी.

विदोसावा पेयिन